निम्मं तुझं, निम्मं माझं

माझी नणंद सुन्वा आणि मी, आमचं कधी पटलं नाही. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारातच ती मला म्हणाली होती, "या वहिनीबाई! आमच्या हेइनला स्वतःच्या मेंढ्या ओळखता येत नाहीत, बायको काय ओळखणार तो!" सगळे खो खो हसले. मीही हसले, पण ते वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही. आमच्या बेटावर घरं ती किती, एका हाकेत सगळी यावीत इतकी. सुन्वाचं वरच्या अंगाला, आमचं खाली धक्क्याजवळ आणि मधे सासूबाईंचं. माझ्याकडे कोण कॉफीला आलं ते तिला खिडकीतून दिसतं, तिच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळतं. अशा ठिकाणी भांडून जायचं कुठे? समुद्रात?

पण आम्हा दोघींच्या कपाळी देवाने एकच गोष्ट लिहिली होती. मूल राहायचं आणि टिकायचं नाही. माझी चार गेली, तिची तीन. माझं चौथं गेलं तेव्हा ती रस्सा घेऊन आली, भांडं दारात ठेवलं आणि एक शब्द न बोलता निघून गेली. मला राग आला. वाटलं, हिचं एक कमी गेलंय ना, त्याचा माज आहे हिला. बघा, दुःखातसुद्धा माणूस किती हलकट होऊ शकतं.

पाचव्यांदा दिवस गेले तेव्हा मी आनंदले नाही, घाबरले. हेइनलाही लगेच सांगितलं नाही. तो चांगला आहे हो, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी गुपचूप राजधानीला, तोर्सहाउनच्या इस्पितळात फोन केला. तिथली लिस्बेत नावाची डॅनिश नर्स म्हणाली, "ये तू. ज्यांची मुलं राहात नाहीत अशा बायकांसाठी एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू झालाय."

अभ्यास म्हटलं की आमच्या लोकांना हसू येतं. सासूबाई, म्हणजे आर्मगार, सांगतात, "आमच्या वेळी अभ्यासवाले डॉक्टर बाळंतिणीचे केस कापून न्यायचे, नाळेतलं रक्त न्यायचे. पुढे कित्येक वर्षांनी येऊन सांगितलं, पोटुशीने व्हेलचं मांस खायचं नाही, त्यात पारा असतो. तोवर माझी दोन्ही पोरं व्हेलवरच वाढलेली! आता काय ओकून टाकू म्हटलं?" आमच्यावर अभ्यास करायला सगळ्यांनाच आवडतं, कारण आम्ही पळून जाणार कुठे?

सकाळच्या बोटीत पाहते तर सुन्वा बसलेली.

"कुठे गं?" मी विचारलं.

"दाताच्या डॉक्टरकडे. आणि तू?"

"मीपण दातालाच."

मग वाटभर आम्ही दोघी दोन टोकांच्या खिडक्यांतून पाणी बघत बसलो. तोर्सहाउनला उतरल्यावर ती एका रस्त्याने गेली, मी मुद्दाम दुसऱ्याने. आणि थोड्या वेळाने लिस्बेतच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी!

"फार ठणकतोय का दात?" सुन्वा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली.

"खूप. तुझा?"

"पाळामुळांसकट."

आणि मग काय झालं कोण जाणे, आम्ही दोघी हसायला लागलो. इतक्या हसलो की लिस्बेत दार उघडून बाहेर आली. हसता हसता सुन्वाचे डोळे भरून आलेले मी पाहिले आणि पहिल्यांदाच मला ती माझ्यासारखी वाटली.

लिस्बेतने समजावून सांगितलं. रोज दोन कॅप्सुली, एक सकाळी, एक संध्याकाळी. निम्म्या बायकांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती भुकटी. मगच कळणार की औषधाने फरक पडतो की नाही.

"म्हणजे मला भुकटीही मिळेल?" मी विचारलं.

"मिळू शकते."

"आणि कुणाला काय दिलंय ते तुला माहीत?"

"मलाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. कोपनहेगनच्या कॉम्प्युटरला तेवढं माहीत."

माझं डोकंच फिरलं. "चार मुलं गेली माझी, बाई! आणि तू नाणं उडवतेस?"

लिस्बेत रागावली नाही. म्हणाली, "एल्स्पा, हे औषध लागू पडतं हे मला ठाऊक असतं ना, तर मी सगळ्यांना दिलं असतं. तेच तर ठाऊक नाही. तुला नको असेल तर घेऊ नकोस." नको कसं म्हणणार? बुडत्याला काडीचा आधार. सही केली आणि डबी घेऊन आले.

त्यानंतर आम्हा दोघींना एकच खूळ लागलं. खरं कुणाचं? सुन्वाला सकाळ-संध्याकाळ उलट्या व्हायला लागल्या आणि मला साधी मळमळही नाही. मी ठरवून टाकलं, खरं तिचंच. मला नशिबाने कधी काही दिलंय का? दुसरीकडे ती मला रस्त्यात अडवून विचारायची, "गालांवर हा तजेला कुठून आला गं तुझ्या? औषध अंगी लागतंय वाटतं!" म्हणजे तिला वाटायचं माझं खरं. दोघी एकमेकींच्या डबीकडे असं बघायचो की शेजारणीची बरणी जास्त भरलीय का काय.

ऑक्टोबरात मेंढ्या कापायचे दिवस आले. सासूबाईंच्या तळघरात दरवर्षीसारखे वाटे घालायचं काम सुरू होतं. आमच्याकडे सगळं वाटून घ्यायचं हा कायदाच समजा. व्हेल किनाऱ्याला लागले तर गावभर वाटे, जमीन जितकी तितक्या मेंढ्या, आणि दोन घरांत एकच धड आलं तर ते मधोमध चिरून निम्मं निम्मं. वरचा तुकडा कुणाचा, खालचा कुणाचा यावरून तोंडं वाजतात, पण वाटा कुणी चुकवत नाही. सासूबाई मिठाचं पोतं आणायला वर गेल्या तेव्हा सुन्वा हात पुसत माझ्याजवळ आली.

"एक बोलू? ओरडू नकोस."

"तू बोललीस की मी ओरडतेच. बोल."

"तुझ्या डबीतली रोज एक मला दे. माझ्यातली एक तुला. सकाळची तुझी, संध्याकाळची माझी."

मी हातातला वाटा खाली ठेवला.

"म्हणजे खरं कुणाचंही असू दे," ती म्हणाली, "निम्मं तरी दोघींच्या पोटात जाईल."

"आणि दोघींची भुकटी निघाली तर?"

"तर निम्मी निम्मी भुकटी. आपलं काय गेलं?"

"आणि एकीचंच खरं असलं, आणि निम्म्याने भागलं नाही तर?"

तिने पुसलेले हात पुन्हा पुसले. मग म्हणाली, "तर दोघींचं जाईल. पण एकीचं राहिलं आणि एकीचं गेलं, तर या बेटावर आपण एकमेकींची तोंडं बघू शकू का गं? आणि हे बघ, तुझ्या प्रेमापोटी म्हणत नाहीये मी. स्वतःसाठीच म्हणतेय."

तेवढ्यात सासूबाई खाली आल्या. "काय खलबतं चाललीत? नणंद-भावजय एकत्र दिसली की माझ्या पोटात गोळा येतो!" आम्ही दोघी परत मांसाला मीठ चोळायला लागलो. त्या रविवारी चर्चहून आल्यावर मी आठवड्याच्या सात कॅप्सुली रुमालात बांधून तिला दिल्या आणि तिने मला तिच्या सात दिल्या.

लिस्बेतला हे सांगायचं नाही, हे दोघींनाही न बोलता कळलं होतं. महिन्याच्या फेरीला ती डबीत उरलेल्या मोजायची आणि म्हणायची, "शाब्बास, एकही चुकवली नाहीस." मी मान डोलवायची. आमच्या निम्म्या निम्म्याने तिचा अख्खा अभ्यास नासतोय हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही. आलं असतं तरी मी थांबले नसते, खरं सांगते. अभ्यास पुढच्या बायकांसाठी होता. मूल माझं होतं.

आणि काय सांगू, ते आठवडे चांगले गेले. मंगळवारी विणायला जमायच्या बायका, तिथे आम्ही दोघी एका बाकावर बसायला लागलो. शेजारची बिलिया सुया थांबवून म्हणाली, "काय गं बाई, सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" सुन्वा म्हणाली, "उगवू दे कुठेही. इथे धुक्यात दिसतो कुणाला?" सगळ्या हसल्या. तिच्या उलट्या थांबल्या. माझं आधीचं एकही इतके दिवस टिकलं नव्हतं. एकदा रविवारी कॅप्सुली देताना तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. मला काहीच लागलं नाही, पण मी म्हणाले, "हो हो, हललं!" ती म्हणाली, "खोटारडी." पण खूश झाली.

मग तो गुरुवार आला. आम्ही तिघी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. सुन्वा एकदम उठली, टेबलाची कड घट्ट धरली आणि "आई" म्हणाली, इतकंच. खाली पाहिलं तर तिच्या मोज्यांवर रक्त.

धुकं इतकं की हेलिकॉप्टर येणार नाही म्हणून सांगितलं. तिचा नवरा यास्पुर आणि हेइन यांनी तिला उचलून बोटीत नेलं. मीही निघाले, तर सासूबाईंनी माझा दंड धरला. "तू नाही."

"आई, सोडा मला! ती एकटी आहे."

"तू नाही म्हटलं ना. तू पोटुशी आहेस. घरात जा." त्यांनी मला माघारी ढकललं आणि स्वतः बोटीत चढल्या. मी धक्क्यावर उभी राहिले. बोट धुक्यात दिसेनाशी झाल्यावरही सुन्वाचा आवाज ऐकू येत होता. मग तोही थांबला.

मुलगा होता. बोटीतच झाला. शनिवारी त्याला आणून यास्पुरच्या वडिलांशेजारी पुरलं. मी दफनभूमीच्या दगडी कुंपणाबाहेर उभी होते. आत जायची माझी हिंमत झाली नाही, आणि कुणी आत बोलावलंही नाही. सगळं आटोपल्यावर सुन्वा माझ्यासमोरून गेली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, पोटाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चहून परतताना मी सवयीने रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला. माझ्याकडच्या तिच्या संपल्या होत्या. आता मी दोन्ही वेळा माझ्याच डबीतल्या घ्यायला लागले. मनाची समजूत घातली, माझीच खरी असेल, आता अख्खं मिळेल पोराला. पण पुढचा रविवार यायच्या आत मला लाल दिसलं.

किती ओरडले मी! हेइन अनवाणी धावत आला. या वेळी आकाश मोकळं होतं, हेलिकॉप्टर लगेच आलं. वर बसल्यावर मी दोन्ही मुठी पोटावर दाबून धरल्या होत्या, जणू दाबल्याने ते आत राहणार होतं. इस्पितळात पडद्यावर त्याचं काळीज दिसलं, टुकटुक टुकटुक चाललेलं. डॉक्टर म्हणाले, "आहे. अजून आहे." रक्त थांबवायला दुसरं काही द्यायचं तर मी आधी काय घेतेय ते त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी कोपनहेगनला फोन लावला आणि कॉम्प्युटरने माझ्यापुरतं तोंड उघडलं.

लिस्बेत माझ्या उशाशी आली. चेहरा उजळलेला. "एल्स्पा, तुझी नुसती भुकटी होती गं! कळतंय का तुला? औषधाचा कणही पोटात गेला नाही आणि तरी इथवर आणलंस तू बाळाला. तुझ्या अंगातच जोर आहे."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं मी आनंदाने रडतेय. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि प्रत्येक वेळी तो हात मला चटका देऊन जात होता. अंगात जोर! माझ्या अंगात जोर असता तर माझी चार का गेली असती? औषधाचा कण पोटात गेला असेल तर तो एकाच डबीतून. सुन्वाच्या. आणि ती डबी बंद झाली तेव्हाच मला लाल दिसलं.

"आता मला खरं दे," मी म्हणाले.

"खरं काय?"

"औषध. खरं औषध दे मला, लिस्बेत. पाया पडते तुझ्या."

"अगं, ते बाजारात मिळत नाही. अभ्यासातल्या डब्यांमधेच आहे ते, आणि तुझं नाव उघडलं म्हणजे तू अभ्यासाबाहेर. शिवाय त्याने काही होतं की नाही हेच अजून कुणाला माहीत नाही. तुझं बाळ त्याच्याशिवाय राहिलंय, हे विसरू नकोस."

आमच्या अदलाबदलीचं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिने सुन्वाची डबी त्याच दिवशी माणूस पाठवून नेली असती. रात्रंदिवस माझ्या मनात एकच चाललं होतं, देवा, तिची खरी असू दे. म्हणजे मला निम्मं तरी मिळालेलं असेल आणि उरलेलं अजून डबीत असेल. आणि लगेच कळायचं की मी काय मागतेय. तिची खरी असेल तर तिच्या पोराच्या तोंडचं निम्मं मी खाल्लं. मी देवाकडे हात जोडून मागत होते की मला चोर ठरव. आणि तरी मागत होते.

निघायच्या दिवशी लिस्बेत म्हणाली, "सुन्वा माझा फोन उचलत नाही. तिचं दुःख समजतं मला, पण तिची डबी परत यायला हवी. गेल्याच फेरीला नवी दिली होती, जवळजवळ भरलेली असेल. तिच्याकडून घेऊन पाठवशील?"

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आधी मी हो म्हणाले.

डॉक्टरांनी उठू नको, जिना चढू नको, चढावर पाय ठेवू नको म्हणून बजावलं होतं. हेइन मेंढ्या बघायला गेल्याबरोबर मी कोट चढवला आणि वर निघाले. दर चार पावलांनी थांबत होते, पोट धरून. कालचीच गोष्ट ही.

सुन्वा स्वयंपाकघरात फरशी घासत होती. गुडघ्यांवर बसून, छातीला लोकरी शाल आवळून बांधलेली. शालीवर दोन ओले डाग होते. मी बघतेय हे तिने पाहिलं.

"दूध आलंय," ती म्हणाली. "आहे की नाही मज्जा? पोर गेल्यावर दूध येतं. कुणी सांगितलं नव्हतं मला. घट्ट बांधून ठेवायचं म्हणे, मग आटतं."

मी शालीवरून नजर काढली. म्हणाले, "लिस्बेतने डबी मागितलीय."

"लिस्बेतने."

"तू फोन उचलत नाहीस म्हणाली."

"आणि तू नेऊन देणार."

"हो. बुधवारच्या बोटीने."

तिने फडका बादलीत टाकला. "वहिनीबाई, तुला चढावर यायला बंदी, आणि तू बोटीने तोर्सहाउनला जाणार? खोटं बोलायचं तर नीट तरी बोल गं. तुझ्या खोटेपणाची मलाच लाज वाटते."

मी भिंतीला टेकले. तिने खुर्ची पुढे केली नाही.

"हेइनने आईला फोन केला तेव्हा मी तिथेच होते," ती म्हणाली. "मोठमोठ्याने सांगत होता. 'आई, एल्स्पाची नुसती भुकटी होती, तरी पोर टिकलंय!' आई आनंदाने रडायला लागली. मला बघितलं आणि एकदम तोंडावर हात धरला बिचारीने. तिला वाटलं, टिकलंय हे ऐकून मला वाईट वाटलं."

"सुन्वा..."

"निम्मं तुझ्या पोटात गेलं. मीच दिलं. मीच म्हणाले होते. तू मागितलं असतंस ना, तर तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या मी, आणि मला झोप तरी लागली असती. आता कुणाच्या उपटू?"

"तुझीपण भुकटीच असेल कदाचित," मी म्हणाले. "कुणाला माहीत? कदाचित दोघींची भुकटीच होती."

"तुला असं वाटतं?"

"असू शकतं ना."

"मग डबी राहू दे इथेच. भुकटी कशाला हवी तुला?"

मी खाली बघितलं. फरशी ओली होती, माझ्या बुटांचे डाग तिच्यावर पडले होते. पळून जावंसं वाटलं. पण पोटात काहीतरी हललं, या वेळी खरंच हललं, आणि मी जागची हलले नाही.

"बोल," सुन्वा म्हणाली. "काय वाटतं तुला? तोंडाने बोल."

"तुझी खरी होती."

"आणि?"

"आणि निम्मी मी खाल्ली."

"आणि?"

"आणि उरलेली मला हवीय," मी म्हणाले. "दे मला, सुन्वा. नाही दिलीस तर मी चोरून नेईन. तू चर्चला गेलीस की येईन आणि नेईन. मला काहीही म्हण. मला मार. पण ती दे."

मला वाटलं, आता ही डबी समुद्रात नेऊन ओतणार. मी असते तर ओतली असती. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आली तेव्हा एका हातात डबी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. दोन्ही टेबलावर ठेवलं.

"हे मूल जगलं, तर मी बोलवेपर्यंत माझ्या दारात आणायचं नाही," ती म्हणाली. "आणि गेलं, तर तूसुद्धा यायचं नाहीस. कधीच."

मी मान हलवली. डबीचं झाकण मला उघडेना. तिने माझ्या हातातून डबी घेतली, झाकण फिरवून काढलं आणि परत माझ्या हातात दिली. इतक्या दिवसांची सवय, मी एक काढली आणि पेल्याला हात घातला.

"दोन घे," सुन्वा म्हणाली. "वाटेकरी गेला."